सत्ताविसावी नोंद

पंधरा मिनिटं, बारा स्लाइड.
विषय: स्क्रिप्टिंग भाषा.
पहिल्याच स्लाइडला वणकुद्रे सरांनी अडवलं,
"स्क्रिप्ट म्हणजे मराठीत काय गं, शिकलगार?"

लिपी म्हणावं तर ती सगळ्याच भाषांना असते.
संहिता म्हणावं तर नाटकाचा पडदा वर जातो.
मी म्हटलं, "चिठ्ठी, सर.
यंत्राला लिहिलेली कामाची चिठ्ठी.
हे उचल, तिथं ठेव, मोज,
झालं की सांग."
मागच्या बाकावर ऐनापुरे हसला.
सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग मी घोकलेलं बोलत गेले:
कंपायलर आधी अख्खी वही वाचतो,
एक काना चुकला तरी कामाला हात लावत नाही.
इंटरप्रिटरचं तसं नाही.
तो एक ओळ वाचतो, करून टाकतो,
मग पुढची.
चूक आली की तिथंच बसकण मारतो,
पण वर केलेलं केलेलंच राहतं,
ते माघारी येत नाही.

खिडकीबाहेर विद्यापीठातला मोर ओरडला.
चार मिनिटं उरलेली, आणि डेमो बाकी.

नऊ ओळींची माझी चिठ्ठी.
नमुन्याला फाइल शिरोलीतल्या फौंड्रीची,
जादा तासांच्या नोंदी.
दिवाणजीनंच पेन ड्राइव्ह धाडला होता,
"पोरीला म्हणावं, बेरजा तेवढ्या जुळवून दे."
माणसांची नावं खोडून मी
क, ख, ग करत गेले होते,
ङ आणि ञ यांनासुद्धा
आयुष्यात पहिल्यांदा माणसं मिळाली.

एंटर.
आकडे पडद्यावर भराभर उतरत गेले,
प, फ, ब, भ,
म, य,
आणि र ला सगळं थांबलं.
लाल अक्षरं.
कुणीतरी अर्रर्र केलं.

त्या रकान्यात आकडा नव्हता.
तिथं लिहिलं होतं:
बघू.

"हाच सैल भाषांचा धोका," सर वर्गाकडं वळले.
"रकान्यात काय येणार हे आधी विचारत नाहीत.
आकडा द्या, शब्द द्या, सगळं पोटात घेतात.
बेरजेला बसलं की कळतं."
मग माझ्याकडं, थोडं मायेनंच,
"डेटा साफ करून आणायचा असतो, बाळ.
आता तिथं पास लिही.
चूक गिळून पुढं जाईल."

मी पास लिहिलं.
चिठ्ठी पुढं गेली. ल, व, श.
तळाला बेरीज आली,
बरोबर दिसणारी.
टाळ्या झाल्या. मीही पास.

र म्हणजे दस्तगीर शिकलगार,
अठरा वर्षं भट्टीवर,
मार्चात चौदा रात्री जादा.
हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक.
पैशाचं विचारलं की दिवाणजी म्हणायचा बघू,
आणि माणूस इतका प्रामाणिक
की जे म्हणाला तेच
रकान्यात भरून मोकळा झाला.

संध्याकाळी अब्बा दारातल्या नळावर
नखांतली काळी वाळू काढत बसले होते.
"झालं काय तुझं भाषण?"
"झालं."
"अडकलीस काय कुठं?"
"एका जागी."
"मग?"
मी टॉवेल पुढं केला.
त्यांनी हात पुसले, टॉवेल काळा झाला,
आणि मग ते विसरूनच गेले
की आपण काही विचारलं होतं.

रात्री चिठ्ठी उघडली.
पास खोडलं.
त्या जागी लिहिलं:
बघू दिसलं तर गिळू नको.
नाव छाप. पूर्ण छाप.
किती रात्री ते विचार,
आणि उत्तर येईपर्यंत
पुढच्या ओळीवर जाऊ नको.

चालवून बघितली.
थांबली. हवी तिथंच थांबली.

सोमवारी पेन ड्राइव्ह
दिवाणजीला परत द्यायचा आहे.